शेवाळे मॅडम आणि कलम सतरा

शेवाळे मॅडमकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या "बसा" म्हणाल्या नाहीत, "वाचा" म्हणाल्या. एक छापील कागद माझ्या हातात दिला आणि समोरच्या अशिलाशी बोलत राहिल्या. मी उभ्या उभ्या वाचला. इमारतीची गच्ची कोणाची, सोसायटीची की वरच्या मजल्यावाल्याची, असा विषय होता.

"कळलं?"

"हो, कळलं."

"काय कळलं ते सांगा."

मी सांगायला लागलो आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळलो. त्यांनी कागद काढून घेतला, मी जिथे अडखळलो तो परिच्छेद लाल पेनाने सरळ खोडला. "तुमची चूक नाही," म्हणाल्या. "माझी आहे. आता बसा."

मी तेव्हा हडपसरच्या एका छोट्या कंपनीत होतो. निरनिराळ्या व्यावसायिकांसाठी परिषदा भरवणं हे आमचं काम. हॉटेलचा हॉल घ्यायचा, वक्ते आणायचे, प्रायोजक गाठायचे, गळ्यात घालायची कार्डं छापायची. त्या वर्षी 'व्यवसाय, कायदा आणि ब्लॉगिंग' असा विषय ठरला होता. दुकानदार, सीए, वकील यांनी इंटरनेटवर नियमित लेख लिहून आपला जम कसा बसवावा, हे दोन दिवस सांगायचं. वकिलांमध्ये कोण लिहितं हे शोधताना मला 'सही करण्याआधी' हा ब्लॉग सापडला. दर गुरुवारी एक लेख. साधं, स्वच्छ मराठी. लिहिणाऱ्याचा फोटो नाही, फोन नंबर नाही, ऑफिसचा पत्ता नाही, फक्त खाली नाव, मंगल शेवाळे. तो पत्ता शोधायला मला आठवडा लागला. निघाला सदाशिव पेठेत, स्पर्धा परीक्षांच्या एका अभ्यासिकेच्या वरच्या मजल्यावर.

"पत्ता का देत नाही?" मी पहिल्याच भेटीत विचारलं.

"वकिलाला जाहिरात करायला मनाई आहे. तुम्ही कायद्याची परिषद भरवताय ना?"

पुण्यात दहा वर्षं काढूनही मला इथला हा टोला झेलता येत नसे. आमच्या अकोल्याकडे माणूस आधी चहा विचारतो, मग अपमान करतो.

मॅडम तेव्हा पंचावन्नच्या आसपास होत्या. पांढरी सुती साडी, काळा कोट आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. कोर्टातून आल्या की गळ्यातले वकिलीचे पांढरे बँड काढून चष्म्याच्या डबीत ठेवायच्या आणि चष्मा मात्र दिवसभर कपाळावर. लेख लिहून झाला की तो तळमजल्यावर खानावळ चालवणाऱ्या सुमनबाईंना वाचून दाखवायचा, हा नियम. सुमनबाई पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या. त्यांना "काय कळलं" ते सांगता आलं तरच लेख गुरुवारी लागायचा. एकदा वारसाहक्कावरचा लेख तीन आठवडे लागला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "सुमनबाई पास करेनात."

त्यांच्या ऑफिसात एक वाक्य बोलायला बंदी होती. "तुमच्याच फायद्याचं आहे." एका ज्युनिअरने ते अशिलाला उद्देशून वापरलं, तेव्हा मॅडमनी त्याला बाहेर बोलावून जे काही सांगितलं, ते आटपल्यावर तो थेट खाली जाऊन पाणी प्यायला. त्यामागचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं.

परिषदेला त्या आल्या. हॉल थंडगार, मागे मोठा पडदा, सगळं बोलणं इंग्रजीत. त्यांच्या आधी एक कन्सल्टंट बोलले. चांगले बोलले. लेख हे गळ असतात, वाचक आत येतो, एकेक पायरी खाली उतरतो आणि शेवटी ग्राहक होतो, असं त्यांनी चित्र काढून दाखवलं. प्रत्येक लेखाच्या शेवटी वाचकाने काय करावं हे ठळक अक्षरात लिहा, म्हणाले. त्याला ते 'कॉल टू अॅक्शन' म्हणत होते. मग चर्चेत ते मॅडमकडे वळले. त्यांनी विचारलं, "मॅम, तुमच्या ब्लॉगचा कॉल टू अॅक्शन काय आहे?"

मॅडमनी माइक ओढून घेतला आणि मराठीत उत्तर दिलं. "सही करू नका."

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. हसू ओसरेपर्यंत थांबून म्हणाल्या, "मी चेष्टा करत नाही. माणसं माझा लेख वाचून माझ्याकडे यावीत म्हणून मी लिहीत नाही. वाचून त्यांना माझ्याकडे यावं लागू नये, म्हणून लिहिते. तुमच्या हिशेबाने हा धंदा बुडीतच. पण मी हा धंदा म्हणून करत नाही."

जेवणाच्या वेळी त्या कन्सल्टंटच्या टेबलापाशी चार माणसं होती आणि मॅडमच्या भोवती पंचवीस. त्यातली निम्मी ताट बाजूला ठेवून मोबाइलमध्ये आपापले करार उघडून उभी होती.

त्यानंतर काही महिन्यांनी कलम सतराचं प्रकरण झालं.

फ्लॅटच्या करारांमध्ये एक कलम असतं, त्यावर मॅडमनी लेख लिहिला. पुढे बांधकामाच्या नकाशात जे काही बदल होतील, त्या सगळ्यांना माझी आत्ताच संमती आहे, असं घेणाऱ्याकडून लिहून घेणारं कलम. मॅडमच्या हातात आलेल्या करारात त्याचा क्रमांक सतरा होता. त्यांनी ते कलम जसंच्या तसं दिलं, कंपनीचं नाव गाळलं आणि खाली मराठीत अर्थ सांगितला. काय बदलणार ते न सांगता आगाऊ घेतलेली संमती ही संमती नसते. बाग दाखवून तिथे इमारत उभी करायची तर ती दाखवून माणसांना विचारावं लागतं. कायदा तेच म्हणतो. शेवटी एक ओळ होती. 'कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला आपण घरात घेत नाही. त्याने तो कागद चाळीस पानांच्या आत घातला म्हणून घेऊ नका.'

तो लेख घराघरात गेला. व्हॉट्सअॅपवर सोसायट्यांच्या ग्रुपमध्ये फिरला, कोणी त्याच्या प्रती काढून नव्या इमारतींच्या गेटवर वाटल्या. आणि पंधरा दिवसांत एका बांधकाम कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. लेखामुळे आमच्या अशिलाची बदनामी झाली, तो ताबडतोब काढा, जाहीर माफी मागा.

उत्तर त्यांनी हाताने लिहिलं. मला दाखवलं होतं. तीनच ओळी होत्या. 'लेखात कोणाचेही नाव नाही, हे आपणही नोटिशीत मान्य केले आहे. तरीही आपल्या अशिलाने स्वतःला ओळखले, हे वाचून समाधान वाटले. लेख राहील.'

पुढे गोष्ट इतकी हलकी राहिली नाही. महिन्याभरात त्यांच्याविरुद्ध वकिलांच्या शिस्तपालन समितीकडे तक्रार गेली. करणारा कोणी अनोळखी वकील होता. म्हणणं असं की ब्लॉग ही छुपी जाहिरात आहे, यातून शेवाळे कामं मिळवतात, सबब त्यांची सनद रद्द करावी. सनद म्हणजे वकिली करण्याचा परवाना. तो गेला की काळा कोट खुंटीवर.

त्याच सुमारास एका संध्याकाळी त्यांनी मला स्कूटरवरून मांजरीला नेलं. हडपसरला मला सोडणारच होत्या, म्हणाल्या, "चला, भावाकडे पिठलं-भाकरी खाऊ." मांजरी म्हणजे त्यांचं माहेर. एके काळचं गाव. आता उंच इमारतींच्या पायथ्याशी जुनी घरं तग धरून आहेत. थोरला भाऊ दत्तात्रय ओसरीवर बसला होता. त्याच्यापर्यंत तक्रारीची बातमी पोचली होती.

"कशाला त्या बिल्डरच्या नादी लागतीस मंगल?" तो म्हणाला. "काढून टाक तो लेख. सनद गेली तर काय करशील?"

"शेती करीन."

"कुठल्या रानात? आपल्या रानात आता स्विमिंग पूल हाय."

मॅडमनी भाकरी मोडली. परतताना रेल्वे फाटकाशी गाडी थांबवली, समोरच्या उजळलेल्या इमारतींकडे बघत मला सांगितलं. "मी बारावीत होते. वडिलांनी त्याच ओसरीवर जमिनीच्या करारावर सही केली. वडील चांगले शिकलेले, सातवी पास, रोज पेपर वाचायचे. पण करार इंग्रजीत होता. त्यांनी समोरच्या वकिलाला विचारलं, 'यात काय लिहिलंय?' तो म्हणाला, 'काका, तुमच्याच फायद्याचं आहे.'"

"फसवलं?"

"ते सोपं झालं असतं. कागदाबाहेर काहीच केलं नाही त्यांनी. जे लिहिलं होतं तेच केलं. विहीर, गोठा, वाट, सगळं कागदात होतं. वडिलांना फक्त ते कोणी सांगितलं नाही. पुढे मी वकील झाल्यावर तो करार काढून त्यांना मराठीत वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाले, 'बाळा, हे तेव्हा कळलं असतं तर मी सही केलीच नसती असं नाही. पण माझी मी केली असती.'"

फाटक उघडलं. मॅडमनी स्कूटर सुरू केली.

आता माझा भाग सांगायला हवा. तो फारसा अभिमानाचा नाही.

दुसऱ्या वर्षीच्या परिषदेत मॅडमचं स्वतंत्र सत्र ठरलं होतं. पत्रिका छापून झाली होती. विषय त्यांनीच दिला होता, 'लिहिलेलं कोणासाठी?' आणि मग मुख्य प्रायोजक बदलला. नवी कंपनी आली ती तीच, नोटीस पाठवणारी. त्यांनी स्पष्ट काही म्हटलं नाही. शेवाळे मॅडमच्या नावावर बोट ठेवून नुसतं "हे आवश्यक आहे का?" असं विचारलं. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "ते सत्र काढ. प्रेमाने समजाव त्यांना."

मी सदाशिव पेठेत गेलो. जिना चढताना तीन वाक्यं जुळवली होती, पण आत गेल्यावर एकही आठवेना. मॅडमनीच विचारलं, "अहो संयोजक, सत्र काढलं का?"

"हो."

"कारण?"

"तसं काही... वेळ कमी पडतोय."

"मग तसं लेखी द्या."

मी ऑफिसात येऊन पत्र तयार केलं, सही केली, दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. 'वेळेअभावी आपले सत्र रद्द करावे लागत आहे, क्षमस्व.' मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला, सावकाश वाचलं, लाल पेन घेतलं आणि पत्र मला परत दिलं. 'वेळेअभावी' खोडून वर 'धैर्याअभावी' लिहिलं होतं.

"बाकी शुद्धलेखन ठीक आहे," म्हणाल्या. "एकच शब्द चुकला होता."

त्या दिवशी मी स्वारगेटपर्यंत चालत आलो. रिक्षा करायची इच्छा झाली नाही. साहेबांना मी ते पत्र दाखवलं नाही. आठवड्याने परिषदेच्या संकेतस्थळावर एक नवी नोंदणी आली. श्रोता म्हणून. मंगल शेवाळे, वकील, पुणे. संशयास्पद नोंदणी साहेबांना दाखवायची, असा नियम होता. मला ती संशयास्पद वाटली नाही. मी कार्ड छापून घेतलं.

दुपारच्या सत्रात प्रायोजक कंपनीचे कायदा अधिकारी व्यासपीठावर होते. तरुण, टापटिपीचे, बोलायला गोड. ग्राहकाचा विश्वास लेखनातून कसा मिळवायचा, यावर त्यांनी वीस मिनिटं भाषण केलं. आमच्या ब्लॉगवर आम्ही काहीच लपवत नाही, असं म्हणाले. प्रश्नांची वेळ झाली. मॅडम तिसऱ्या रांगेत होत्या. उठल्या. हातात त्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून काढलेला कराराचा नमुना.

"माझा प्रश्न लहान आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याच करारातलं कलम सतरा आहे. ते वाचून, त्याचा अर्थ या सगळ्यांना मराठीत सांगाल का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माइक फिरवायचं काम माझं होतं, मीच तो मॅडमना दिला होता. त्यांनी डोळ्यांनी खूण केली, घे परत. मी कार्पेटकडे बघत राहिलो.

कायदा अधिकाऱ्यांनी कागद घेतला. इंग्रजीत वाचला. मग मराठीत सांगायला लागले. "म्हणजे, घेणारा इथे असं म्हणतो की... पुढे जे काही... म्हणजे नकाशात आवश्यकतेनुसार..." थांबले. पुन्हा सुरुवात केली. मागून एका बाईंचा शांत आवाज आला, "म्हणजे तुम्ही काहीही बदललं तरी मी हो म्हटलंय, असंच ना?" अधिकाऱ्यांनी पाण्याचा ग्लास उचलला. तो माणूस वाईट नव्हता. बहुधा त्याने ते कलम पहिल्यांदाच मराठीत म्हणून बघितलं होतं.

"धन्यवाद," मॅडम म्हणाल्या आणि बसल्या. मला वाटलं होतं त्या भाषण करतील. त्यांना ठाऊक होतं, त्याची गरज उरली नव्हती.

साहेबांनी संध्याकाळी मला विचारलं, नोंदणी कोणी मंजूर केली. "मी," म्हणालो. पुढच्या वर्षी परिषदांचं काम माझ्याकडून गेलं आणि मी जेवणाची, निवासाची व्यवस्था बघू लागलो. मॅडमना मी हे सांगितलं नव्हतं. त्यांना कळलंच. एवढंच म्हणाल्या, "जेवण तरी नीट ठेवा. मागच्या वेळी भात कच्चा होता."

समितीपुढची सुनावणी त्यानंतर झाली. मॅडमनी वकील दिला नाही, स्वतःच उभ्या राहिल्या. समितीतल्या एका ज्येष्ठांनी सुचवलं की लेख काढून टाका, तक्रार इथेच मिटेल. मॅडम म्हणाल्या, "त्यात चूक असेल तर दाखवा, आत्ता इथेच काढते. चूक नसेल तर मिटवायचं काय आहे?" समितीने ब्लॉग उघडून पाहिला. फोन नाही, पत्ता नाही, मी उत्तम वकील आहे असं कुठे नाही. चूकही सापडली नाही. काही महिन्यांनी तक्रार निकाली निघाली. सनद राहिली.

पण सगळं राहिलं नाही. ज्या दोन संस्थांची कामं त्यांच्याकडे वर्षानुवर्षं होती, त्यांनी कारण न सांगता फायली परत मागवल्या. एक ज्युनिअर सोडून गेला. मी भेटायला गेलो तेव्हा कपाट अर्धं रिकामं होतं आणि मॅडम भाडेकरारावरचा लेख लिहीत होत्या. विजयाबद्दल ब्लॉगवर एक ओळ नव्हती.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वाटली की. तिथल्या बाकावर बसले होते तेव्हा फाइलची पानं उगाच मोजत होते. एकोणतीस वर्षं रोज सकाळी कोर्टात जातेय. ते बंद झालं तर उठून जायचं कुठे, एवढंच डोक्यात होतं." त्यांनी पेन पुन्हा उचललं. "पण मी तिथे मान खाली घातली असती, तर सुमनबाईंना काय वाचून दाखवणार होते?"

मग त्यांनी आपलीच परिषद सुरू केली. तालुक्याच्या ठिकाणी, कोर्टाच्या बार रूममध्ये किंवा शाळेच्या वर्गात, सुट्टीच्या दिवशी. वीस-तीस तरुण वकील जमायचे. प्रत्येकाने कायद्यातली एक गोष्ट एका पानात मराठीत लिहून आणायची आणि गावातल्या माणसांसमोर वाचायची. प्रायोजक नाही, गळ्यात कार्ड नाही. त्यातल्या सहा-सात जणांनी पुढे आपापले ब्लॉग सुरू केले. कोणी पीकविम्यावर, कोणी वाटण्यांवर. कलम सतरावरचा लेख त्या प्रत्येकाने आपल्या ब्लॉगवर जसाच्या तसा लावला होता. आता नोटीस पाठवायची तर सात-आठ ठिकाणी पाठवावी लागली असती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते स्वारगेटच्या एसटी स्थानकात. बायकोची बदली हैदराबादला झाली होती, आम्ही आठवड्याभरात निघणार होतो. त्याआधी साहेबांनी माझ्यावर शेवटचं एक काम टाकलं होतं. तो प्रायोजक सोडून गेला होता आणि परिषदेच्या उद्घाटनाच्या भाषणासाठी आता शेवाळे मॅडमच हव्या होत्या. फोनवर त्या म्हणाल्या, "स्वारगेटला या, नऊच्या इंदापूर गाडीत आहे."

गाडीत खिडकीपाशी बसल्या होत्या, मांडीवर कागदांचा गठ्ठा. मी खाली उभा राहून निमंत्रण सांगितलं. लेख काढायचा नाही, मराठीत बोलायचं, विषय तुमचा, सगळं मान्य आहे.

"तारीख?"

मी सांगितली.

"त्या दिवशी मी बारामतीला आहे. पोरं पानं लिहून आणणार आहेत."

"मॅडम, ती पुढे ढकलता येईल का? इथे पाचशे माणसं असतील."

"तिथे तीस असतील," त्या म्हणाल्या. "तुमची तारीख बदला."

गाडीची वेळ होऊन वीस मिनिटं झाली होती. चालकाचा पत्ता नव्हता. प्रवासी घड्याळं बघत, पुटपुटत बसले होते. मॅडमनी गठ्ठा शेजारच्या बाईच्या मांडीवर ठेवला, खाली उतरल्या, मला "थांबा जरा" म्हणाल्या आणि चौकशीच्या खिडकीकडे गेल्या. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. खिडकीतल्या माणसाने आधी मान हलवली, मग हात हलवला, मग उठून आत गेला. पाच मिनिटांनी चालक येताना दिसला. हातात चहाचा अर्धा कप, पुढे तो, मागे पांढऱ्या बुटांत मॅडम. गाडीतली माणसं हसायला लागली, एका आजोबांनी टाळी वाजवली. मॅडमनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की टाळी तुम्ही वीस मिनिटांपूर्वी वाजवायला हवी होती.

इंजिन सुरू झालं. मला निरोप घ्यायचा होता, हैदराबादचं सांगायचं होतं. मी खिडकीकडे गेलो तोवर त्यांनी गठ्ठा परत घेतला होता, चष्मा खाली ओढला होता. गाडी मागे सरली, वळली, सोलापूर रस्त्याला लागली. एका हाताने त्यांनी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला होता. दुसऱ्या हातातलं लाल पेन त्या हिसक्यांतही चालू होतं, कोणाचं तरी वाक्य खोडत.